आधी डोंगर, मग ट्यूनर

व्यवसायबंधूंच्या घरी जाण्याचा योग आला की माझी नजर प्रथम दिवाणखान्यातील स्टिरिओकडे जाते. ॲम्प्लिफायर उत्तम असतो, स्पीकर्स तर त्याहून उत्तम, शेजारी सीडींची किंवा आता पुन्हा जमवलेल्या तबकड्यांची रांगही असते. ट्यूनर मात्र बहुधा नसतोच. असला तर तो ॲम्प्लिफायरच्या पोटात बसवून आलेला, आणि त्याच्या मागे हातभर लांबीची एक बारीक वायर भिंतीच्या व कपाटाच्या मधल्या फटीत लोंबत असते. "रेडिओ लागतो का?" असे विचारले तर उत्तर ठरलेले. "इकडे रेंजच नाही हो." जो रुग्ण कधी तपासलाच नाही त्याला असाध्य ठरवण्यासारखे हे आहे. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत वैद्यकीय विषय बाजूला ठेवून ट्यूनर कसा निवडावा याविषयी चार गोष्टी लिहीत आहे. त्यांतील पहिली गोष्ट मी स्वतः बऱ्याच उशिरा आणि पदरचे पैसे घालवून शिकलो. ट्यूनर कॅटलॉग पाहून निवडायचा नसतो, आपले गाव पाहून निवडायचा असतो.

माझे गाव जांबोटी. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाकडे, बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे. मलप्रभेचा उगम असलेली कणकुंबी पुढे त्याच रस्त्यावर आहे, तेव्हा पाऊस किती ते सांगायला नको. नकाशावर पाहिले तर रेडिओच्या दृष्टीने आमच्याइतके भाग्यवान कोणी नाही. पणजी सरळ रेषेत साठेक किलोमीटर, धारवाड सत्तरच्या आसपास, कोल्हापूर शंभराच्या थोडे पुढे, सांगली सव्वाशेच्या पलीकडे. मराठी, कोकणी, कन्नड अशा तिन्ही भाषांच्या केंद्रांच्या मधोमध आम्ही बसलेलो. परंतु नकाशा सपाट असतो आणि आमचा मुलूख तसा नाही. लहरींना सीमा नसते असे भाषणात म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात ती असते, ती डोंगराची.

एफ.एम.च्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात. पृथ्वीची वक्रता आणि हवेतील थोडे वळण हिशेबात घेऊन एक सोपे सूत्र सांगतात: उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे, त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. शंभर मीटर उंच मनोऱ्यासाठी हे ४१ किलोमीटर भरते, आणि आपल्या छपरावर नऊ मीटर उंचीवर अँटेना असेल तर त्यात १२ किलोमीटरांची भर पडते. मोकळ्या सपाटीवर हा हिशेब जमतो. मध्ये घाटमाथ्याची धार उभी राहिली की लहर तिच्यावरून वाकून, क्षीण होऊन खाली उतरते. मध्यम लहरींचे तसे नाही. त्या जमिनीला धरून चालतात आणि डोंगरांना फारशा जुमानत नाहीत. रात्री तर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर जातात. म्हणून आमच्या बालपणी बॅटरीवरच्या साध्या सेटवर धारवाड खणखणीत लागे आणि रात्री कुठकुठची केंद्रे एकमेकांच्या अंगावर येत.

२००३ साली माझ्या भाच्याने अमेरिकेहून येताना एक नामांकित ट्यूनर आणला. काळा, सडपातळ, पुढे हिरवे आकडे. आमच्या घरात त्याचे स्वागत एखाद्या जावयासारखे झाले. विजेचा दाब वेगळा म्हणून प्रथम त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर आणावा लागला, हे तर ठीकच. खरी अडचण पुढे आली. अमेरिकेत एफ.एम.ची केंद्रे दोनशे किलोहर्ट्झच्या अंतराने आणि दशांशस्थळी विषम आकड्यावर असतात. त्यामुळे हा ट्यूनर १०५.३ वर थांबे, नंतर १०५.५ वर. आमची पणजी १०५.४ वर! दोन्ही पायऱ्यांच्या मधोमध पणजी उभी, आणि हा पाहुणा तिला ओलांडून पुढे जाई. मध्यम लहरींवर तीच कथा. तिकडे पायऱ्या दहा किलोहर्ट्झच्या, आपल्याकडे नऊच्या. धारवाड ७६५ वर, म्हणजे नऊच्या पाढ्यात पंच्याऐंशी वेळा बरोबर बसणारे. ट्यूनरकडे मात्र ७६० किंवा ७७०. आवाज येई, पण तोंडात विडा ठेवून बोलल्यासारखा. शिवाय उच्च स्वरांची जी भरपाई प्रक्षेपणात करतात तिचे प्रमाणही दोन्हीकडे वेगळे, अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद आणि आपल्याकडे ५०. त्यामुळे जे केंद्र लागे तेही किंचित मंद, कोंदटलेले. भाच्याचा यात काहीच दोष नव्हता. वस्तूचाही नव्हता. रक्तगट न जुळवता रक्त चढवण्याचा तो प्रकार होता.

काही परदेशी ट्यूनरांच्या मागील बाजूस ९/१० किलोहर्ट्झ आणि ५०/१०० किलोहर्ट्झ असे बदलण्याचे बटण असते. नातेवाईक आणत असतील तर ते आहे की नाही एवढे फोनवर आधी विचारून घ्यावे. खास जपानसाठी बनवलेला ट्यूनर तर मुळीच घेऊ नये, कारण तिथला एफ.एम. पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या यंत्रांत ९० ला संपतो. आपली बहुतेक केंद्रे त्याच्या पुढे आहेत. डिजिटल रेडिओची अक्षरे मिरवणाऱ्या युरोपीय ट्यूनरलाही तेच लागू. ती पद्धत आपल्याकडे नाही. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय केंद्रांचे एफ.एम. बंद केले, त्यामुळे तिकडची उत्तम यंत्रे स्वस्त झाली असतील. ती एफ.एम.साठी घ्यायला हरकत नाही.

हा शोध मी छंद म्हणून केला असता तर त्यावर लेख लिहिला नसता. २००४ साली आमच्या आप्पांची दृष्टी मॅक्युलर डीजनरेशनने गेली. कडेचे दिसे, मधले नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे वर्गात धडे वाचून दाखवले त्याला सकाळचे वर्तमानपत्र वाचता येईना. मी डॉक्टर, पण त्या डोळ्यांसाठी तेव्हा माझ्याकडे काही नव्हते. घरातील माणसे थोडा वेळ वाचून दाखवत. पण दुसऱ्याच्या सवडीने वाचलेले वर्तमानपत्र त्यांना रुचत नसे. त्यांना हवे होते सकाळचे मराठी बातमीपत्र, तेही पुण्याहून येणारे आणि सांगली केंद्र सहक्षेपित करी ते. "सांगली लाव रे," एवढेच ते म्हणत. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आपल्याकडे आवाज चढतो. मला तो चढवायचा नाही. आप्पा धारवाडचे कन्नड कार्यक्रमही आवडीने ऐकत. परंतु बातमी माणसाला आपल्या भाषेत ऐकावीशी वाटते, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला तर ती निकड असते.

सांगली १२५१ किलोहर्ट्झवर. अंतर लांब, प्रक्षेपक मध्यम शक्तीचा, दिवसा जेमतेम कुजबुज. आणि त्याच्या अगदी शेजारी, १२८७ वर, डोंगरापलीकडची बलदंड पणजी. सांगली लावावी तर पणजीच्या आवाजाची झालर तिच्यावर पसरे. येथे मला आपल्याच शास्त्राची आठवण झाली. एखाद्या चाचणीविषयी आपण दोन प्रश्न विचारतो: तिची संवेदनशीलता किती आणि विशिष्टता किती. ट्यूनरच्या कागदावरही हेच दोन आकडे असतात, आणि विक्रेता नेहमी पहिलाच सांगतो. किती क्षीण संकेत पकडतो, किती मायक्रोव्होल्टला जागा होतो, वगैरे. पण अतिसंवेदनशील चाचणी जशी निरोग्यालाही रोगी ठरवते तसा अतिसंवेदनशील ट्यूनर शेजारच्या केंद्रालाही आत घेतो. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे एक दूरचे हवेसे केंद्र एका जवळच्या बलवान केंद्राला चिकटून आहे, तिथे निवडक्षमता पाहावी. एफ.एम.मध्ये ती मुख्यतः आतल्या १०.७ मेगाहर्ट्झच्या चाळण्या किती आणि किती अरुंद आहेत यावर अवलंबून असते. काही ट्यूनरांत 'वाइड' व 'नॅरो' असे बटण असते. शहरात वाइड ठेवून गोड आवाज घ्यावा, डोंगरात नॅरो करून हवे ते केंद्र वाचवावे. असे बटण असलेला जुना ट्यूनर, बटण नसलेल्या नव्यापेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

सांगलीचा प्रश्न मात्र ट्यूनरने सुटलाच नाही, तो एका लाकडी चौकटीने सुटला. खानापूरच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने मला सांगितले, "डॉक्टर, यंत्र बदलू नका, कान बदला." दोन फुटांची चौरस चौकट, तिच्यावर तांब्याच्या तारेचे दहा-बारा वेढे, आणि जुन्या सेटमधून काढलेला एक गँग. चौकट ज्या बाजूला कडेने पाहते त्या बाजूचे केंद्र मोठे होते, आणि जिच्याकडे ती तोंड करून उभी राहते त्या बाजूचे नाहीसे होते. पणजी आमच्या नैऋत्येकडे, सांगली उत्तरेकडे. चौकट पणजीच्या समोर धरली की पणजी गप्प बसे आणि सांगली जवळजवळ पूर्ण जोराने उभी राही. ज्या सकाळी ती प्रथम स्वच्छ लागली त्या सकाळी आप्पा काही बोलले नाहीत. चहा मात्र थंड झाला.

पुढे मी एक साधा डिजिटल ट्यूनर घेतला, आपल्या देशातील पायऱ्यांचा. वास्तविक मला स्वतःला फिरवायच्या बोंडीचा, पट्टीवर काटा सरकणारा ट्यूनर आवडतो. परंतु आप्पांसाठी ठरलेल्या केंद्रांची बटणे सोयीची होती. पहिल्या बटणावर ल्युकोप्लास्टचा एक तुकडा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन थर. बोटाने चाचपून ते धारवाड, पणजी, सांगली स्वतः लावत. ट्यूनर निवडताना तो कोण वापरणार हा प्रश्न कॅटलॉगात कुठेच नसतो.

आता अँटेनाविषयी. येथे मी थोडा आग्रही आहे. ट्यूनरसाठी जेवढे पैसे काढाल त्यांतील निदान तिसरा हिस्सा छपरावर खर्च करावा. एफ.एम.च्या मध्यावर, म्हणजे ९८ मेगाहर्ट्झला, लहरीची लांबी सुमारे तीन मीटर होते. तिच्या निम्म्याने साधा द्विभुज अँटेना बनतो, प्रत्येक भुजा सुमारे ७३ सेंटिमीटर. तो घरी करता येतो. दूरच्या केंद्रासाठी चार-पाच दांड्यांचा यागी लावावा, तो केंद्राच्या दिशेने रोखावा, आडवा आणि उभा दोन्ही तऱ्हांनी लावून पाहावा, आणि ७५ ओहमच्या चांगल्या केबलने खाली आणावा. आपल्या भागात एक खास अडचण आहे. पावसापायी बहुतेकांनी स्लॅबवर पत्र्याचे छप्पर घातले आहे. पत्र्याखाली ठेवलेला अँटेना म्हणजे झाकणाखाली ठेवलेला दिवा. कौलारू घरात माळ्यावर टाकलेल्या तारेवरही जे केंद्र लागते ते पत्र्याच्या बंगल्यात लागत नाही, आणि दोष ट्यूनरला दिला जातो.

स्टिरिओविषयी एक खुलासा. क्षीण केंद्र स्टिरिओत ऐकले की मागे बारीक खरखर येते, फुप्फुसाच्या तळाशी ऐकू यावी तशी. ती बिघाडाची खूण समजू नये. डाव्या-उजव्या आवाजातील फरकाचा संकेत ३८ किलोहर्ट्झच्या आसपास, वरच्या मजल्यावर पाठवलेला असतो, आणि एफ.एम.मध्ये जितके वर जावे तितका गोंगाट वाढतो. मोनोचे बटण दाबले की खरखर विरून जाते. मोनोचे स्वतंत्र बटण नसलेला ट्यूनर डोंगराळ भागात घेऊ नये. एक तंबोरा आणि एक गळा ऐकण्यासाठी दोन बाजू कशाला हव्यात, हा माझा वैयक्तिक अभिप्राय. त्यावर वाद होऊ शकेल.

पण तंबोऱ्यासाठी एफ.एम. हवे हे मात्र खरे. मध्यम लहरींवर साडेचार किलोहर्ट्झच्या वरचे स्वर बहुधा पोहोचत नाहीत, एफ.एम.वर ते पंधरापर्यंत येतात. बोलणे पहिल्यात भागते, जवारी दुसऱ्यातच ऐकू येते. आपला हा पट्टा तर गाण्याचा. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड आकाशवाणीचे संगीत सल्लागार होते. १९५० साली सुरू झालेल्या त्या केंद्राने किती घरांत ख्याल पोहोचवला याची मोजदाद कोणी ठेवली नाही. १९५२ पासून चालत आलेल्या अखिल भारतीय संगीत सभेसाठी शनिवारी रात्री बिछान्याजवळ सेट ओढून घेणारी माणसे मी पाहिली आहेत. ती मध्यम लहरींवर ऐकत आणि तेवढ्यातही तृप्त होत.

गोंगाटाचा दुसरा उगम आपल्या घरातच असतो. ई.सी.जी.च्या पट्टीवर पन्नास हर्ट्झची दातेरी रेघ आली की आपण प्रथम अर्थिंग पाहतो. मध्यम लहरींवर घुर्र असा आवाज आला की तसेच करावे: इन्व्हर्टर बंद करून पाहावा, मग एल.ई.डी. दिवे एकेक, मग मोबाइलचा चार्जर. माझ्या दवाखान्यातील एका स्वस्त दिव्याने सगळे धारवाड केंद्र बुडवले होते.

आता आपण विचाराल की मोबाइलवर सगळे मिळत असताना एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. २०१६ साली सुरू झालेली आकाशवाणीची 'रागम' वाहिनी मीही इंटरनेटवरून ऐकतो, आणि तिची गुणवत्ता माझ्या छपरावरच्या यागीला लाजवणारी असते. गेल्या काही वर्षांत देशभर मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक बंद झाले. म्हणजे मी ज्या ट्यूनरांचे गुण गातो आहे त्यांतील निम्मे यंत्र हळूहळू मुके होत चालले आहे. हे मी लपवत नाही. तरीही माझे मत असे की सीमाभागातील घरात मध्यम लहरी पकडणारा ट्यूनर अजून असावा. यंत्र बंद पडले म्हणून केंद्र गेले असे होऊ नये. केंद्र गेले तर ते आपल्याला कळावे आणि आपण पत्र लिहावे. ज्याच्याकडे ऐकण्याचे साधनच नाही तो तक्रार कशाची करणार? शिवाय जांबोटीत नेटवर्क ही पाहुण्यासारखी गोष्ट आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वीज गेली, मागोमाग मोबाइल गेला, रस्त्यांवर पाणी आले. त्या दिवसांत माझा स्टिरिओही निर्जीव होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. कामाला आला तो बॅटरीवरचा जुना ट्रान्झिस्टर. दवाखान्याच्या पायरीवर तो ठेवला होता आणि भोवती दहा-बारा माणसे उभी असत.

तोच ट्रान्झिस्टर निवडीसाठीही उपयोगाचा आहे. रोगाचा इतिहास न विचारता आपण औषध लिहीत नाही. तसेच दुकानात जाण्यापूर्वी दोन दिवस एक साधा दोन पट्ट्यांचा ट्रान्झिस्टर घेऊन गच्चीवर जावे. सकाळी, भर दुपारी आणि रात्री नऊनंतर काय काय लागते, किती स्वच्छ लागते, कोणत्या दिशेला धरल्यावर लागते, ते वहीत उतरवावे. बेळगाव शहरात असाल तर ९०.४ वर केएलईचे 'वेणुध्वनी' सुरेख येईल. सामुदायिक केंद्राची शक्ती फार तर शंभर वॅट असते, ते आमच्या डोंगरात यावे अशी अपेक्षा धरू नये. निपाणीच्या बंधूंना कोल्हापूरचे १०२.७ सहज मिळावे. त्यांना माझ्या लाकडी चौकटीचे काम नाही. दोन दिवसांची ही वही पाहिली की अर्धे ट्यूनर आपोआप यादीतून गळतात.

जुना ट्यूनर घेणार असाल तर तो तासभर चालू ठेवून पाहावा. तापल्यावर केंद्र सरकत असेल तर आतील भाग थकले आहेत. आणि आपल्या हवेची दया करावी. ज्या बुरशीने माझ्या सूक्ष्मदर्शकाची भिंगे खाल्ली तिला गँगच्या पात्यांचेही वावडे नाही. पावसाळ्यात ट्यूनर रोज तासभर तरी लावावा, तेवढ्या उबेने दमट हवा बाहेर राहते.

आप्पा २०१२ साली गेले. ट्यूनर अजून चालतो, पहिल्या तीन बटणांवरच्या चिकटपट्ट्या काढलेल्या नाहीत. यागी मात्र दर वर्षी वळिवाच्या आधी खांबावरून उतरवतो आणि केबलचे टोक ट्यूनरपासून सोडवून खिडकीबाहेर ठेवतो, कारण एप्रिल-मे मधल्या आमच्याकडच्या विजा विमा कंपन्यांनाही घाबरवतील अशा असतात. ज्यांना कायमचा अँटेना लावायचा आहे त्यांनी खांबाला जाड तांब्याच्या तारेचे स्वतंत्र अर्थिंग आधी करून घ्यावे, आणि ते काम पावसाची वाट न पाहता याच महिन्यात करावे.